काल्यातल्या गळाभेटी

कीर्तनाला ठरलेल्या बुवांचा घसा ऐन काल्याच्या दिवशी बसला, आणि दिनानाथ मास्तर गुरवाचं उपरणं खांद्यावर टाकून म्हणाले, "मी उभा राहतो. पण आख्यान गणिताचं."

रामचंद्र खोतांनी कपाळाला हात लावला. "मास्तर, लोक काल्याचं दही खायला येतात, छडी खायला नव्हे. माणसं उठून गेली, तर पुन्हा झांजेला हात लावायचा नाही. कबूल?"

"कबूल," मास्तर म्हणाले आणि नारदाच्या त्या जागेवर जाऊन उभे राहिले. वीस वर्षं त्यांची एकच आस होती. ज्या गणिताला गाव भ्यायलं, त्याला गावानं एकदा तरी हसून जवळ घ्यावं. पांडुरंगानं संधी दिली होती ती आजचीच.

नमन झालं. मास्तरांनी बारा टाळकऱ्यांकडे बोट केलं. "काल्यात आपण एकमेकांना उराउरी भेटतो. हे बारा जण, प्रत्येक जण प्रत्येकाला एकदा भेटला, तर भेटी किती?"

"बारा अक्रे एकशे बत्तीस!" मांडवातून आवाज आला.

"चूक! सदूनं हरेश्वराला मिठी मारली, तेव्हा हरेश्वरानं काय खांबाला मारली? भेट दोघांची, मोजायची एकदा. म्हणून निम्म्या. सहासष्ट!"

जनीकाकू पुढून ओरडल्या, "आनि माझी सून माझ्या पाया पडते, त्याचं काय? मी कुठं तिच्या पडते?"

"काकू, पाया पडण्याचं गणित निराळं, ते निम्मं होत नाही!"

मांडव खदखदला. सगळ्यात मोठ्यानं सूनच हसली. मास्तरांच्या आवाजाला धार चढली. "विश्वास नाही? करून बघू. नुरुद्दीनभाई, दर भेटीला ताटात एक सुपारी टाका."

म्हसळ्याचे सुपारीचे व्यापारी नुरुद्दीनभाई उत्सवाला दरवर्षी यायचे. ते ताट घेऊन बसले. पेटी वाजू लागली, टाळकरी 'विठ्ठल विठ्ठल' करत एकमेकांच्या गळ्यात पडू लागले. शेवटी भाईंनी सुपाऱ्या मोजल्या. पुन्हा मोजल्या.

"मास्तर, पासष्ट."

"मास्तर नापास!" कोणीतरी आरोळी ठोकली. मागच्या दोन रांगा उठल्या. खोतांनी पायताणं शोधायला सुरुवात केली.

एखादी सुपारी घरंगळली असेल, असं म्हटलं तर निभावून जाईल, हे मास्तरांच्या ओठावर आलं. पण देवापुढे उभं राहून खोटं बोलायचं, आणि तेही गणिताच्या नावानं?

"भाई, मोजण्यात चूक?"

"चाळीस साल सुपारी मोजतोय, मास्तर. अल्लाकसम, पासष्ट."

"मग सहासष्टही खरे आणि पासष्टही खरे," मास्तर सावकाश म्हणाले. "एक भेट राहिलीय. कोणाची?"

उठलेले तिथंच थबकले. मास्तरांच्या ध्यानात आलं नव्हतं, पण गावाला ठाऊक होतं. शेताच्या बांधावरून टाळकऱ्यांतले सदू आणि येसाजी हे सख्खे चुलतभाऊ तीन वर्षं एकमेकांचं तोंड बघत नव्हते. आत्ताही टाळाच्या नादात दोघं शिताफीनं एकमेकांना चुकवून गेले होते.

"जा की रं!" जनीकाकू कडाडल्या. "पांडुरंगापुढं हिसाब अर्धा ठेवता व्हय?"

येसाजी एक पाऊल सरकला. सदूनं टाळ खाली ठेवले आणि एकदम त्याला कवेतच घेतलं. नुरुद्दीनभाईंनी शेवटची सुपारी खणकन टाकली. "सहासष्ट!"

टाळ्यांनी मांडव दणाणला. खोत पायताणं सोडून परत पुढं येऊन बसले. "मास्तर, आता सांगा, या मांडवात दीडशे माणूस आहे. सगळे भेटले तर किती?"

मास्तर हसून झांज वाजवू लागले. माणसं बोटं मोजत, जमिनीवर काड्यांनी रेघा ओढत बसली.

"बावीस हजार तीनशे पन्नास," येसाजी पुटपुटला.

"निम्मे कर की, येड्या!" सदू म्हणाला. "आत्ताच सांगितलं ना त्यांनी!"

"मग तूच कर. तुला तर पाढंबी धड येत न्हाईत!"

"आरं, दही आंबलं!" जनीकाकू ओरडत होत्या, पण हंडीकडे बघायला कोणाला सवड नव्हती.