आधीच येऊन गेलेला

नवऱ्याने ते सकाळच्या चहाच्या वेळी सांगितलं, आणि तेही आवाज न चढवता. "मी ठरवलंय, आपण वेगळं व्हायचं. चिमणी माझ्याकडे राहील. तुला वकील लागेल, तर एखादा बघून ठेव." एवढं बोलून त्याने कप विसळला, पालथा घातला आणि लेकीची वेणी घालायला आत गेला.

ती होती तिथेच बसून राहिली. आदल्या दिवशी भांडण झालं असतं तर निदान काहीतरी समजलं असतं. उलट गेले आठ महिने घरात कधी नव्हे इतकं गोडीगुलाबीचं वातावरण होतं. नवरा विमा कंपनीत दावे तपासायचा. दहा वर्षांत त्याने घरातली काडी इकडची तिकडे केली नव्हती. पण फेब्रुवारीपासून माणूस पार बदलला. सात वर्षांच्या चिमणीला शाळेत सोडायला लागला, तिचा डबा भरायला लागला, सर्दी झाली तरी डॉक्टरकडे न्यायला लागला. पालकसभेला तर हटकून जायचा. ती स्वतः दातांच्या कवळ्या बनवण्याच्या कामावर होती. संध्याकाळी नखांत प्लास्टर घेऊन घरी यायची, तेव्हा लेकीचा अभ्यास उरकलेला असायचा. कामावरच्या बायकांना ती सांगायची, "आमच्याकडे उशिरा का होईना, उजाडलं." त्या बायका हेवा करायच्या आणि तिलाही ते आवडायचं.

घटस्फोटाची आणि मुलांच्या ताब्याची कामं करणारे नावाजलेले वकील शहरात मोजून चार. पहिल्याने तिचं नाव ऐकलं आणि मान हलवली. "माझ्याकडून नाही होणार." कामं फार असतील, असं तिला वाटलं. दुसऱ्याकडे ती बाहेरच बसली. कारकून आत जाऊन आला आणि नजर चुकवत म्हणाला, "साहेबांना तुमचं काम घेता येणार नाही." तिथून बाहेर पडताना तिला उगाचच आपण काहीतरी चोरून नेतोय असं वाटलं.

तिसऱ्या वकील एक बाई होत्या. दारातल्या मुलीने तिचं नाव, पत्ता संगणकावर घातला आणि म्हणाली, "हा पत्ता आमच्याकडे आधीच आहे की. फेब्रुवारीत येऊन गेलात ना?"

"मी नाही आले," ती म्हणाली.

मुलीने जीभ चावली. तेवढ्यात वकीलबाई स्वतः बाहेर आल्या. त्यांनी तिला आत नेलं, दार लावलं, पाण्याचा पेला पुढे केला.

"मला फार काही सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "पण समजा, एका बाजूच्या माणसाने येऊन माझ्यापुढे आपलं सगळं मन मोकळं केलं. मग पुढे त्याने मला नेमलं नाही, तरी मला दुसऱ्या बाजूने उभं राहता येत नाही. तसा नियमच आहे. काही लोकांना तो नियम चांगला ठाऊक असतो."

"म्हणजे चौथ्याकडेही हेच?"

वकीलबाई एवढंच म्हणाल्या, "कौटुंबिक कामं न करणारा कोणी बघा. तिकडे कोणी गेलेलं नसेल."

ती जिना उतरली आणि खालच्या पायरीवरच बसली. फेब्रुवारी. म्हणजे डबा, वेणी, पालकसभा, सगळं त्यानंतरचं. शाळेच्या डायरीत आठ महिने त्याचीच सही होती. डॉक्टरच्या कागदावर 'सोबत वडील' असं लिहिलेलं होतं. आपण ज्याला सुख समजून मिरवत होतो, ती त्याची तयारी होती. तिला रडू आलं नाही.

शेवटी तिला वकील मिळाले ते किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानाच्या वर, एका खोलीत. सत्तरीचे गृहस्थ, कानाला यंत्र. जन्मभर शेजाऱ्यांच्या भिंती आणि हद्दी यांवरून दावे लढलेले. तिचं सगळं ऐकून म्हणाले, "बाई, मी पोरांच्या ताब्याचं काम कधी केलं नाही. पण एका हद्दीवर दोघांचा हक्क असला की काय होतं, ते मला कळतं. तीन गोष्टी ऐका. घर सोडू नका. त्याच्याशी भांडू नका. आणि पोरीसमोर त्याच्याबद्दल वाकडा शब्द काढू नका. तो वाट बघतोय त्याची."

पंधरा दिवसांनी नवऱ्याच्या अर्जाची प्रत आली. वकिलांनी चष्मा पुसून ती वाचली. आई सतत कामावर, मुलीचं सगळं वडीलच बघतात, असं बरंच होतं. मागे शपथेवर दिलेला एक जबाब जोडला होता. तो वाचताना ते थबकले.

"तुम्हाला मोठी बहीण आहे?"

"आहे. ताई."

त्यांनी कागद तिच्यापुढे सरकवला. ताईने लिहून दिलं होतं, की एप्रिल आणि मे महिन्यांत आपली बहीण मुलीला टाकून सलग चाळीस दिवस घराबाहेर होती, आणि त्या काळात मुलीला वडिलांनीच सांभाळलं. खाली ताईची सही होती, गोल गोल अक्षरातली.

ते चाळीस दिवस ती आईपाशी होती. आई न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं. तेव्हा ताईनेच फोन केला होता: "तू जा. माझ्याच्याने आईचं बेडपॅन वगैरे नाही होणार. तुझा नवरा आता किती करतो घरात, तुला काय काळजी?" नवराही म्हणाला होता, "निवांत जा." त्याने बॅगसुद्धा भरून दिली होती.

त्याच दुपारी ती ताईकडे गेली. ताई इस्त्री करत होती.

"ताई, तू हे लिहिलंस?"

ताईने इस्त्री उभी केली, पण वर बघितलं नाही. "तो म्हणाला, जे खरं आहे तेवढंच लिहा. मी खोटं काय लिहिलंय, सांग."

"मी कुठे होते, ते नाही लिहिलंस."

"ते त्याने विचारलं नाही."

"आणि तुला सुचलं नाही?"

ताईने शर्टाची घडी घातली. मग हळूच म्हणाली, "आमच्या ह्यांना त्याने त्याच्या कंपनीत चिकटवलंय. नाही कसं म्हणणार? आणि तुझं काय, तू खंबीर आहेस. तू निभावून नेशील. लहानपणापासून नेतेसच."

यावर तिला पुष्कळ बोलायचं होतं. पण ती वळली आणि चपला घालून बाहेर पडली. वकिलांनी भांडू नका म्हटलं होतं ते नवऱ्याशी. तरी ती ताईशीही भांडली नाही. भांडायला माणूस आपला लागतो.

सुनावणीला ताईला बोलावलं गेलं. म्हातारे वकील उठले, कानातलं यंत्र नीट केलं आणि अगदी घरगुती आवाजात विचारलं, "त्या चाळीस दिवसांत तुमची बहीण कुठे होती?"

"आईकडे."

"कशाला?"

"आईची शुश्रूषा करायला."

"तिला जा म्हणून कोणी सांगितलं?"

ताईने बहिणीच्या नवऱ्याकडे बघितलं. तो हातातल्या कागदांत बघत होता. "मी," ताई म्हणाली. मग न विचारताच पुढे म्हणाली, "मला जमण्यासारखं नव्हतं."

वकील "बरं" म्हणून बसले. त्यांनी आणखी एकही प्रश्न विचारला नाही.

चिमणी आईकडे राहील, असा हुकूम झाला. वडिलांनी शनिवारी सकाळी न्यावं, रविवारी संध्याकाळी आणून सोडावं. न्यायाधीशांनी त्यात एक वाक्य घातलं होतं, की वडिलांनी मुलीकडे चांगलं लक्ष पुरवलं आहे, हे कागदपत्रांवरून दिसतं. तिने ते वाक्य दोनदा वाचलं.

आता ताईचा फोन येतो तो आईच्या औषधांपुरता. ती सांगते, ताई ऐकते, दोघी फोन ठेवतात. आईने एकदा विचारलं, "तुमचं काही बिनसलंय का?" ती म्हणाली, "वेळ नसतो गं."

नवरा मात्र दर शनिवारी नऊच्या ठोक्याला येतो. एकही वार चुकवलेला नाही. चिमणी जिन्यात त्याच्या गळ्यात पडते, तो तिचं दप्तर आपल्या खांद्याला अडकवतो, बुटाची सुटलेली नाडी बांधायला वाकतो. ती दारात उभी राहून बघते. हे लेकीसाठी चाललंय की पुढच्या एखाद्या अर्जासाठी, हे तिला ओळखता येत नाही. चिमणीला विचारायची सोय नाही, आणि त्याला विचारलं तर तो जे सांगेल त्यावर तिचा विश्वास बसणार नाही. रविवारी लेक परत येते, बाबांनी काय काय केलं ते सांगत सुटते. ती "हो का" म्हणत राहते.