तिसऱ्या कमानीची ओवी

शामरावला आमच्या घरी मीच घेऊन आलो. तीस वर्षं आम्ही एका शाळेत शिकवलं, एका डब्यात जेवलो. विश्वास ठेवायला आणखी काय लागतं?

नदीवरचा जुना पूल निजामाच्या काळातला. यंदा शेजारी नवा झाला, तेव्हा जुन्याच्या इतिहासाचं पुस्तक लिहायचं आणि तो बांधणाऱ्यांच्या नावांचा दगड कोरून घ्यायचं काम शामरावनं अंगावर घेतलं. त्याचे आजोबा सुधाकरराव त्या कामावर हजेरी लिहायचे. माझ्या मायचा, ताराबाईचा, बाप फकिरा तिथे दगड वाहायचा. तिसऱ्या कमानीचा पाया भरताना तो बुडाला, तेव्हा माय पोटात होती.

चुना कुटणाऱ्या बायांनी एकेका कमानीवर ओवी रचली होती. त्यांच्यातल्याच माझ्या आजीनं जन्मभर नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं नाही. फक्त या ओवीत घेतलं:

तिसऱ्या कमानीखाली
पाणी डोहाचं गं गार
फकिरा माझा धनी
झाला पुलाचा आधार

ही ओवी घराबाहेर कधी गेली नव्हती. माय शामरावला म्हणाली, "माह्या बापाचं नाव दगडावर येईन का?"

"शब्द देतो, मावशी," तो म्हणाला. मायनं डोळे मिटून त्याच्या मोबाइलात ओवी म्हटली.

नव्या पुलाच्या कार्यक्रमाला माय नवं लुगडं नेसून आली. दगडावरचा पडदा सरला. मी तीनदा वाचलं. सुधाकररावांचं नाव होतं, खाली 'व इतर मजूर'. मग शाळेच्या मुली शामरावच्या पुस्तकातली ओवी गायला उभ्या राहिल्या. पुढे माझीच नात, दीक्षा.

तिसऱ्या कमानीखाली
पाणी डोहाचं गं गार
सुधाकरराव थोर
झाले पुलाचे आधार

माझं डोकं फिरलं. शामरावला बाजूला ओढलं. "काऊन असं केलं?"

"नागसेन, पुरावा लागतो. हजेरीपटात फकिरा नावाचा माणूसच नाही."

"हजेरी लिहून कोण राह्यलं होतं? तुझाच आजा ना?"

तो चष्मा पुसत राहिला. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. तीस वर्षं ज्याच्यासोबत भाकर मोडली त्याची मला त्या घटकेला किळस आली.

घरी आल्यावर माय उंबऱ्यात बसून म्हणाली, "माह्या मायनं धन्याचं नाव एकाच जागी घेतलं होतं. थेच नेलं त्यानं. अन् मीच देल्लं."

दीक्षा बक्षिसाची वही नाचवत आली. मायनं तिला जवळ घेतलं आणि हलक्या आवाजात ओवी धरली. "फकिरा माझा धनी..."

दीक्षा हसली. "आजी, तुमी चुकून राह्यल्या. पुस्तकात सुधाकरराव आहे."