सातव्या आरोपीचा कान

सुमंगलाला जाऊन एकवीस दिवस झाले होते, तेव्हा तुळजा नावाची एक म्हातारी आली. दिग्गीहून आमच्या नंदिगड्ड्याला, थोडी पायी, थोडी कुणाच्या तरी जीपमधून. मी अंगणात नुसता बसलो होतो.

"बाई गेल्या ते वाटंत कळलं," ती म्हणाली. "माघारी फिरणार हुते. मग म्हटलं, अण्णांना तरी इचारावं."

बाई म्हणजे सुमंगला, माझी बायको. रामनगरच्या शाळेत चित्रकला शिकवायची. चाळीस वर्षांपूर्वी एका पुढाऱ्याच्या खुनाचा मोठा खटला झाला. कोर्टात कॅमेरा नेऊ देत नव्हते, म्हणून एका वर्तमानपत्राने आरोपींची चित्रं काढायला तिला बोलावलं. नऊ आरोपी होते. तीन महिने ती रोज समोर बसून काढत होती.

"सातवा माझा भाऊ. लखू," तुळजा म्हणाली. "जेलातच मेला. घरात दोन फोटो हुते, ते पोलिसांनी नेले. आता डोळं मिटलं तर बा दिसतो, त्यो दिसत न्हाई. मी चित्र मागत न्हाई, अण्णा. नुसतं बगते."

मी आत जाऊन गठ्ठा आणला. काय होणार ते मला ठाऊक होतं, तरी आणला. ती एकेक कागद बघत गेली.

"ह्याचं नाक बगा, पोपटावानी," म्हणून एकदा हसलीसुद्धा. आठ कागद संपले.

"सातवा?"

"त्यानं तोंड दाखवलंच नाही, अक्का. रोज पाठ करून बसायचा. हिनं पाठमोराच काढला होता."

"मग पाठमोरा दावा की! त्याचा कान रेड्यानं फाडलेला, डावा. मीच हळद दाबून धरली हुती. कान बगितला की बाकीचा आपसूक येईल."

मग मला सांगावं लागलं.

सरण रचल्यावर शेजारचा गुणा म्हणाला होता, "म्हादू, तिच्या हातचं कायतरी संगट दे. पण चित्रातलं माणसाचं तोंड आगीत घालायचं न्हाई." आमच्यात ते पाळतात. मी गठ्ठा चाळला. आठांना तोंड होतं, एकाला नव्हतं. बरं झालं, असंच मला वाटलं. कागदाची घडी केली आणि तिच्या हाताखाली ठेवली.

तुळजानं हातातले कागद खाली ठेवले.

"कान काढलेला का त्यात?"

"काढलेला. वरून एक खाच होती. मला वाटलेलं, पेन्सिल घसरली."

"जळताना बगितला?"

"नाही. मी हिच्याकडं बघत होतो."

तिनं मान हलवली. चहा ठेवतो म्हटलं तर नको म्हणाली, जीप चुकेल. पायरीवर चप्पल घालता घालता थांबली आणि आपल्या डाव्या कानाला बोट लावलं.

"खाच हितं हुती?"

व्हय म्हणावंसं फार वाटलं. पण डावा की उजवा, मला आठवत नव्हतं. हे एक सुमंगलाच सांगू शकली असती.

"ठाऊक नाही, अक्का," मी म्हणालो.

तिनं बोट खाली घेतलं आणि ती गेली. मी आठ कागद पुन्हा बांधून ठेवले.