चपलांच्या पिशवीतलं कुंकू

मी पिशवी बोलतेय. भाजीची नाही, आणि देवाच्या फुलांची तर नाहीच नाही. मी चपला-बुटांची पिशवी. म्हणून जरा लांबूनच ऐका, उन्हाळ्यात माझा वास मलाच सहन होत नाही.

जन्म माझा उज्जैनजवळच्या भैरवगढचा. तिथे लाकडी ठशांनी कापड छापतात. माझं कापड खरं तर पलंगावर घालायच्या चादरीचं होतं, पण छापणाऱ्याचा ठसा मध्येच सरकला आणि वेलीवरची सगळी पानं देठापासून बोटभर बाजूला पडली. अशी चादर कोण घेणार? दुकानाच्या कोपऱ्यात धूळ खात पडले होते, तिथून यज्ञेश्वरांनी मला उचललं आणि टावर चौकातल्या एका शिंप्याकडून माझी पिशवी शिवून घेतली. आत जाड अस्तर, खांद्याला लांब पट्टा, तोंडाला नाडी. पानं अजून तुटकीच आहेत. चपलांना काय फरक पडतो!

यज्ञेश्वर माधव नगरात राहतात. बँकेतून रिटायर झाल्यावर घरात बसून काय करायचं, म्हणून ते पाहुण्यांना जुनं उज्जैन पायी हिंडून दाखवू लागले. एका वेळी एकच कुटुंब. हातात झेंडा नाही, गळ्यात माइक नाही, घाई तर अजिबात नाही. आणि जुन्या शहरात दोन गल्ल्या ओलांडल्या की एक देऊळ. यज्ञेश्वरांची पद्धत अशी, की जमेल तिथे एका दाराने आत जायचं आणि दुसऱ्या दाराने पुढच्या गल्लीत निघायचं. चपला पहिल्या दाराशी ठेवल्या, तर त्यांच्यासाठी उलटं फिरावं लागणार. म्हणून सगळ्यांच्या चपला माझ्या पोटात.

त्या ते स्वतःच्या हाताने उचलत. तळव्याला तळवा लावून जोडी करायची आणि अलगद आत सोडायची. पाहुणे लाजत. बाप्ये तर फारच. "अहो, राहू द्या, राहू द्या," म्हणत पाय मागे घेत. बायका निदान मोजे खिशात घालून बूट द्यायच्या. दिवसभर अरेरावी करणारा माणूससुद्धा पायातलं काढून दुसऱ्याच्या हातात देताना एकदम गरीब होतो, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

सुमनबाईंना, म्हणजे यज्ञेश्वरांच्या बायकोला, मी आवडत नसे. परक्यांच्या चपला घेऊन हिंडता, शोभतं का, आपले पूर्वज दरबारात होते, असं त्या म्हणायच्या. ते पण दुसऱ्यांचंच सांभाळायचे, असं यज्ञेश्वर हसून सांगायचे. मला घरात मज्जाव होता. व्हरांड्यातल्या खिळ्याला मी लटकायची. पण पावसाचा सपकारा आला की त्याच सुमनबाई बाहेर येऊन, नाक मुरडत, मला आतल्या बाजूला सरकवायच्या.

मग एका सकाळी त्या गेल्या. चहा गाळताना ओट्यापाशीच बसल्या आणि उठल्या नाहीत. त्यांना व्हरांड्यात, अगदी माझ्याखाली आणून ठेवलं. नवरा मागे असताना गेल्या, म्हणून बायकांनी हिरवी साडी नेसवली, ओटी भरली. शेजारच्या अक्कांनी कुंकवाचा करंडा पुढे केला आणि यज्ञेश्वरांना हाक मारली, की शेवटचं कुंकू तुम्ही लावा. यज्ञेश्वर खुर्चीत बसले होते. त्यांनी अक्कांकडे बघितलं आणि ते बसूनच राहिले. अक्कांनी पुन्हा हाक मारली. लोक थांबले. शेवटी अक्कांनीच कुंकू लावलं आणि माणसांनी सुमनबाईंना नेलं.

यज्ञेश्वर त्या दिवशी रडले नाहीत, पुढेही नाही. भेटायला माणसं यायची, त्यांना पाणी द्या म्हणायचे, बसा म्हणायचे. कसं झालं हो, असं कुणी विचारलं की मुलीकडे बघायचे आणि तीच सांगायची. "ती गेली" एवढं वाक्य त्यांच्या तोंडून एकदाही निघालं नाही. मुलगी मीरा व्हरांड्यात येऊन फोनवर दबक्या आवाजात नवऱ्याला हेच सांगायची. बाबा एकदा बोलून मोकळे झाले नाहीत तर हे असेच राहतील, आई तर गेलीच, बाबांनाही आपण घालवून बसू. मला काही वाटत नव्हतं. वाटायचं असतं तर तेव्हा वाटलं असतं. पण त्या घरात त्या दिवसांत कुणालाच काही नीट वाटत नव्हतं, मग माझं काय घेऊन बसलात.

सूतक चालू होतं, दहावा व्हायचा होता, आणि एका सकाळी यज्ञेश्वरांनी मला खिळ्यावरून काढलं.

मीरा धावत आली. "बाबा, आत्ता? सुतकात?"

"ते नाशिकचे लोक आलेत. दिवाळीतच ठरलं होतं. स्टेशनावर उतरले पण, आता मना कसं करू?"

"मी फोन करून सांगते नं त्यांना."

"काय सांगशील?" यज्ञेश्वरांनी विचारलं. देवळात पाय ठेवणार नाही, बाहेर उभा राहीन, एवढं बोलून ते निघाले.

पाहुणे म्हणजे एक तरुण जोडपं होतं. नवरा अपूर्व, बायको गौरी. छत्री चौकात भेटले. पहिल्याच देवळाशी यज्ञेश्वरांनी माझं तोंड उघडून धरलं आणि चपला तुम्हीच टाका असं सांगितलं. सुतकात दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा नाही, हे त्यांनी बरोबर पाळलं. पाहुण्यांना त्यात वावगं वाटायचं कारण नव्हतं.

गोपाळ मंदिराच्या बाहेर उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं. कुणी बांधलं, चांदीचं दार कुठून आलं म्हणतात, आत गेल्यावर नजर कुठे टाकायची. एक शब्द चुकला नाही. पण आवाजाला चढ नाही, उतार नाही. घरात कुणी नसताना पंखा चालू राहावा, तसं ते चाललं होतं. जोडपं आत गेलं आणि यज्ञेश्वर मला खांद्याला अडकवून उन्हात उभे राहिले. दोन पावलांवर सावली होती. तिकडे गेले नाहीत.

पटणी बाजारात त्यांची एक ठरलेली गंमत आहे. चांदीच्या दुकानांपाशी आलं की ती आपोआप तोंडातून निघते. त्या दिवशीही निघाली.

"माझी बायको म्हणते, पाहुण्यांबरोबर पटणी बाजारात तास न् तास उभे राहता. माझ्याबरोबर आलात की तुम्हाला बिलकुल टाइम नसतो."

गौरी मनापासून हसली आणि नवऱ्याला कोपर मारलं. काकूंचं बरोबरच आहे, म्हणाली. यज्ञेश्वरांचा चेहरा जसा होता तसाच राहिला. आपण काय बोललो हे त्यांना कळलं की नाही, कोण जाणे. मला कळलं. मी चपलांची पिशवी, पण त्या क्षणी मला फार वाईट वाटलं. त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा.

हरसिद्धी देवीच्या देवळाशी येईपर्यंत अपूर्व वैतागला होता. खासगी गाइड म्हणून सांगितलं आणि हे प्रत्येक ठिकाणी बाहेरच, असं त्याने बायकोला ऐकवलं, तेही यज्ञेश्वरांना ऐकू जाईल असं. यज्ञेश्वरांनी गुडघा दुखतो म्हणून सांगितलं. उंच दीपमाळांबद्दल जे सांगायचं ते दाराबाहेरूनच सांगितलं आणि जोडप्याला आत पाठवलं.

गौरी बाहेर आली ती हातात एक पुडी घेऊन. देवीचं कुंकू होतं ते.

"काका, हे काकूंना द्या. माझी आई म्हणते, देवीचं कुंकू घेतलं की एक पुडी दुसऱ्या सवाष्णीला द्यावी. मला इथे फक्त काकूच ठाऊक आहेत."

आता इथे माणसाने काय करावं? नको म्हटलं तर का ते सांगावं लागणार. यज्ञेश्वरांनी, सकाळपासून पाळलेलं विसरून, हात पुढे केला, "बरं" म्हणाले आणि पुडी माझ्यात टाकली. माझ्यात! जिथे देवघरातली वस्तू चुकूनसुद्धा पडली नसती, तिथे हरसिद्धीचं कुंकू. पुढच्या देवळाशी अपूर्वचे जड बूट त्यावर पडले आणि पुडी फुटली. मला आतून ते पसरताना कळत होतं. मी काय करणार? मला हात नाहीत.

नदीकाठच्या राम घाटावर फेरी संपते. जोडप्याने पायऱ्यांवर बसून पाय धुतले, बूट-चपला घातल्या, फोटो काढले. यज्ञेश्वर बाजूला उभे होते. मग जायची वेळ झाली आणि गौरी डोक्यावरून ओढणी घेत त्यांच्या पायाशी वाकली.

यज्ञेश्वर झटकन मागे सरले, ते जवळजवळ पायरीवरून घसरलेच.

"नमस्कार नका करू."

गौरी तशीच अर्धवट वाकलेली. "का हो, काका?"

"मला सूतक आहे."

सुतकातल्या माणसाला नमस्कार करत नाहीत. तो चुकून घेतला तर दोघांनाही दोष, असं त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या मानलेलं. दिवसभर इतकं सांभाळलं आणि आता ही पोरगी वाकली, म्हणून शब्द सुटला. गौरी सरळ झाली. कोण गेलं, असं तिने हळूच विचारलं. या वेळी तोंडाकडे बघायला मीरा नव्हती. यज्ञेश्वर नदीकडे बघत राहिले. घाटावर कुणाचं तरी पिंडदान चाललं होतं, गुरुजी भरभर मंत्र म्हणत होते.

"सुमन," ते म्हणाले. "माझी बायको. ती गेली."

अपूर्वने मान खाली घातली. गौरीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मग एकदम तिच्या ध्यानात आलं. "आणि मी तुम्हाला कुंकू... काका, ते द्या परत. मला ठाऊक असतं तर..."

यज्ञेश्वरांनी माझ्यात हात घातला. पुडीचा नुसता कागद हाताला लागला. कुंकू सगळं अस्तरावर, धुळीत आणि वाळूत मिसळलेलं. त्यांनी माझं तोंड उजेडाकडे फिरवून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"परत नाही देणार," ते म्हणाले. "हे तिचंच आहे. मला हाक मारली होती, लावा म्हणून. दोनदा मारली. मी उठलो नाही."

मला अपूर्वच्या हातात देऊन, अस्तरावरचं कुंकू बोटांनी गोळा करून ते पायऱ्या उतरले. चपलांसकट पाण्यात गेले. गुडघ्याएवढ्या पाण्यात थांबले, वाकले आणि अनामिका पाण्याला लावली, कपाळाला लावतात तशी. पाण्यावर लाल ठिपका उमटला आणि पसरून गेला. त्यांनी पुन्हा बोट टेकवलं. मग पुन्हा. बोटांवरचं कुंकू संपेपर्यंत ते चाललं होतं. रडत होते का, मला सांगता येणार नाही. त्यांची पाठ आमच्याकडे होती आणि खांदे काही हलले नाहीत. अपूर्व मला दोन्ही हातांत धरून उभा होता, देवाचं ताट धरावं तसा.

घरी मीराने दार उघडलं. ओल्या चपला बघितल्या, लाल झालेली नखं बघितली. यज्ञेश्वर तिथेच, उंबऱ्यापाशी बसले. "मीरा, आई गेली गं," म्हणाले. ती त्यांच्या शेजारी खाली बसली.

आता बरेच महिने झाले. यज्ञेश्वर पुन्हा पाहुण्यांना नेतात, पुन्हा देवळांच्या आत जातात, चपला पुन्हा स्वतःच्या हाताने उचलतात. बरे झालेत असं मी म्हणणार नाही. पुष्कळदा चालता चालता थांबतात आणि कुठे निघालो होतो हे विसरतात. आवाजात थोडा चढ-उतार आलाय, तो सगळ्या गल्ल्यांत नाही. मला मीराने सोड्यात भिजवून घासलं, तरी अस्तर लालसरच राहिलं. नव्या बुटांच्या तळव्यांना कधी थोडा रंग लागतो, लोकांना वाटतं, देवळातला असेल.

हरसिद्धीच्या बाहेर अजूनही एखादी बाई पुडी पुढे करते, तुमच्या मिसेससाठी म्हणून. यज्ञेश्वर सांगतात, "ती गेली." बाई ओशाळते, हात मागे घेऊ लागते. तेव्हा ते ओंजळ पुढे करतात आणि म्हणतात, "द्या, घरी फोटो आहे." ती पुडी ते शर्टाच्या खिशात ठेवतात आणि वरून एकदा हात फिरवून बघतात.

तर उज्जैनला आलात आणि हा माणूस तुमच्या वाट्याला आला, तर माझी एवढीच विनंती. चपला खुशाल माझ्यात टाका. कुंकू मात्र त्यांच्या हातात द्या.