कोरड्या आभाळातले आकडे

मी एक जुना गॅमाकिरण-मोजक आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या डब्यात बंद केलेला मिठासारखा स्फटिक, एवढंच माझं शरीर! अंगात गॅमाकिरण शिरला की बारीक ठिणगी चमकते आणि मी एक मोजतो. मित्रांनो, प्रयोगशाळेत माझं फार कौतुक होतं. मग नवी यंत्रं आली आणि माझी रवानगी भंगारात झाली. कुरुंदा गावच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या शिवकन्या मॅडमनी मला उचलून आणलं आणि घरच्या हळदीच्या खळ्याशेजारी एका खोलीत ठेवलं.

वादळात माझे आकडे चढायचे. मॅडम वहीत लिहायच्या, "पावसामुळे." हवेतले किरणोत्सारी कण थेंबांबरोबर खाली येतात, हे खरं. पण दरवेळी तेच कारण? मला भारी राग यायचा. बोलणार कसा!

एप्रिलची दुपार होती. शिजवलेली हळद खळ्यात वाळत होती. आभाळ भरून आलं तशा मॅडमच्या सासूबाई, नर्मदाबाई, ताडपत्री घेऊन धावल्या. आमच्याकडे हळद झाकल्याशिवाय कुणी घरात शिरत नाही, आणि थेंब पडेपर्यंत विजेला कुणी भीत नाही.

मी मिनिटाला सहाशे मोजत होतो. सातशे झाले. नऊशे झाले. बाहेर मात्र थेंब नाही! मॅडमनी आकडे पाहिले, कोरडी माती पाहिली आणि त्यांचा चेहराच उतरला. पाऊस नसताना आकडे चढले, म्हणजे हे ढगातूनच येतंय. तिथल्या प्रचंड विद्युतदाबानं इलेक्ट्रॉन सुसाट सुटलेत, हवेवर आदळताहेत आणि त्यातून गॅमाकिरण निघताहेत. म्हणजे वीज आता कोणत्याही क्षणी कोसळेल!

"आत्याबाई, सोडा ते! आत या!" मॅडम सासूबाईंना ओरडून म्हणाल्या.

"थेंब बी न्हाई पडला, काहून वरडून राहिली? हळद भिजंल ना!"

"भिजू द्या! तुमाला माझी आन हाय!"

बाराशे! अगं बाई, ये ना आत, मी मनातल्या मनात ओरडलो! नर्मदाबाई पुटपुटत उंबऱ्यात आल्या आणि मागं खळ्यावर वीज कोसळली. ताडपत्री पेटली. माझे आकडे एका क्षणात सहाशेवर आले. पावसानं आणलेले कण असे एकदम जात नाहीत, त्यांचा जोर ओसरायला अर्धा तास तरी जातो. ढगातला दाब विजेबरोबर गेला, तसे किरणही थांबले.

मॅडमनी वहीतलं "पावसामुळे" खोडलं. नर्मदाबाई माझ्या डब्यावर हात फिरवत म्हणाल्या, "लई गुणाचं लेकरू हाय बाई हे."

मित्रांनो, ओलाव्यानं माझा स्फटिक पिवळा पडत चाललाय. माझं झाकण घट्ट ठेवा. आणि माझ्या भरवशावर राहू नका, वीज कधीकधी मला न विचारताच येते. आभाळ गडगडलं की आधी आत या. खोली गळते म्हणून अर्ध्या जळक्या ताडपत्रीचा तुकडा नर्मदाबाईंनी माझ्यावर बांधलाय. हळदीच्याही आधी आता त्या मला झाकतात.