माडी की माळा?

मी हवालदार सयाजींच्या घरची शिडी बोलतेय. कुंडलच्या एका सुताराने कळकाच्या दोन दणकट बांबूंना बाभळीच्या पायऱ्या ठोकून मला घडवलं. तासगावपासून बैलगाडीने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर आमचं गाव. गाव लहान, पण त्याला नगरपालिका आहे, आणि नगरपालिका म्हटली की घरपट्टी आली.

लढाई संपली आणि सयाजी पलटणीतून घरी आले. साठवलेल्या पगारातून त्यांनी घरावर कौलं चढवली आणि आढ्याखाली फळ्या टाकून माळा केला. कांदे, लसूण, बियाणं वर. माझं काम एवढंच की घरच्यांना वर चढवायचं आणि खाली उतरवायचं.

त्या वर्षी नवी आकारणी झाली. नगरपालिकेचा कारकून दारातूनच वर बघून गेला आणि आमच्या माळ्याची कागदावर माडी झाली. घरपट्टी दुप्पट. गल्लीत बऱ्याच जणांची वाढली होती, पण आमची सगळ्यांत जास्त. एवढी भरायची तर दुभती म्हैस विकावी लागणार होती. सयाजींनी हरकतीचा अर्ज दिला, आणि अध्यक्ष भाऊसो स्वतः घर बघायला येणार असं ठरलं.

"शिडीच न्हाई म्हटल्यावर माडी कुठली?" सयाजी बायकोला म्हणाले.

"आवं, जे हाय ते सांगा की," शालूबाई म्हणाल्या. "वर धड उभं तरी ऱ्हाता येतंय का?"

"खरं सांगून कचेरीत कुणाचं काम झालंय?"

भाऊसो कारकुनाला घेऊन गल्लीच्या तोंडाशी दिसले, तसं सयाजींनी मला उचललं आणि शेजारच्या आप्पासोंच्या गोठ्यात नेऊन उभं केलं. मधली भिंत बुटकी, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं.

"वर काय हाय?" भाऊसोंनी विचारलं.

"कांदं, साहेब. वर जायला वाटच न्हाई. मी सोता कवा चढलो न्हाई."

"मग कांदं वर कसं गेलं?"

"घर बांधतानाच ठिवलं."

कारकून खोकला. तेवढ्यात वरून आवाज आला, "सया, शिडी कुठं नेलीस रं? मी कवाधरनं लसूण घिऊन बसलीया."

ती मनुबाई होती, सयाजींची आई. कधी वर चढली, ते गडबडीत कुणाला कळलंच नव्हतं.

मग भाऊसो शांतपणे म्हणाले, "हवालदार, तुमचं कांदं बोलाय लागलं की."

सयाजी खाली मान घालून गोठ्यात आले. त्यांनी मला जागेवर लावलं, मनुबाई उतरली, आणि भाऊसो धोतर सावरत म्हणाले, "आता मीच बघतो ही माडी."

एवढा भारदस्त माणूस माझ्यावर कधी चढला नव्हता. मी करकरले, पण धरून राहिले. वर पोचून ते ऐटीत ताठ उभे राहायला गेले, आणि डोकं तुळईवर दणकन आपटलं. फेटा सुटून खाली आला, तो थेट लसणाच्या टोपलीत.

भाऊसो कपाळ चोळत उतरले. शालूबाईंनी हळद आणून दिली.

"काय लिहू, साहेब? माडीच ना?" कारकुनाने विचारलं.

"माडीवर माणूस चालतो. मी वर रांगत हुतो. माळा लिव्ह." मग ते सयाजींकडे वळले. "शिडी लपवली नसतीस, तर माझं कपाळ शाबूत राहिलं असतं गड्या. आमच्या दिवेवाल्याची शिडी मोडलीया. उद्यापास्नं सांजच्याला ही त्येला द्यायची. हाच तुझा दंड."

गल्लीतल्या बाकीच्या हरकती बघायला भाऊसोंनी कारकुनाला धाडलं. तो मात्र सगळीकडे आधीच वाकून चढला.

आता दिवसा मी घरची असते, आणि सांजेला दिवेवाल्या धुळाच्या खांद्यावर. रस्त्यावरच्या कंदिलाच्या खांबाला लागले की ओट्यावरून सयाजी म्हणतात, "वात जरा वर कर की रं. पट्टी आमी भरतोय."

"वर केली तर काच काळी हुती, हवालदार," धुळा सांगतो. "मग काच पुसायचीबी पट्टी बसंल."

माझ्या दोन पायऱ्या आता सैल झाल्यात, तेव्हा जरा हलक्या पायाने चढा. आणि घर तपासायला कुणी येणार म्हणून मला लपवायचं कुणाच्या मनात आलंच, तर आधी वर कोण आहे तेवढं विचारून घ्या.