घड्याळजींचं वजन

म्हाताऱ्या माणसांच्या जेवणाचा नवा कायदा झाला, तेव्हा आमच्या केंद्रात सगळ्यात जोरात टाळ्या मीच वाजवल्या. आता बोला! वीस वर्षं या भटारखान्यात मी डबे भरतेय, पण म्हातारी माणसं खातात काय, हे वरच्यांनी कधी विचारलं नव्हतं. कायद्यात सगळं छान छान होतं. पौष्टिक जेवण, दारापर्यंत डबा, वर तपासणी. महिन्याभराने नर्सबाई येऊन प्रत्येकाचं वजन घेणार, असं पत्र आलं.

मला वाटलं, परीक्षा माझ्या स्वयंपाकाची आहे. माझी अक्कल!

आमच्या डब्यावरचे घड्याळजी जवळच्याच एका इमारतीत चौथ्या मजल्यावर एकटेच राहायचे. जन्मभर लोकांची घड्याळं दुरुस्त केली आणि आता हात इतके कापतात की शेगडीही पेटवता येत नाही. अंगावर नुसती हाडं. हा माणूस असाच काट्यावर उभा राहिला तर माझी काय शोभा, म्हणून मी हात धुऊन त्यांच्या मागे लागले. सूपमध्ये लोण्याचा गोळा, डब्यात दोन अंडी जास्त. मी स्वतः चार जिने चढायचे आणि समोर बसून संपवायला लावायचे.

"बाई, फुटेन मी एक दिवस," ते म्हणायचे.

"फुटा खुशाल. आधी जेवा."

तपासणीच्या दिवशी काटा एक्कावन्नवर गेला. महिन्यात साडेतीन किलो! मी अशी मिरवले, जशी माझीच पोर पहिली आली.

नर्सबाईंनी कागद उलटला. "यांच्या उंचीला पन्नासच्या खाली असेल तरच डबा. यांचं नाव यादीतून कमी झालं."

"अहो, ते वजन मी चढवलंय! डबा थांबला की उतरेल ना!"

"उतरलं की अर्ज करा. पुढची तपासणी सहा महिन्यांनी."

मी तडक केंद्राच्या साहेबांकडे गेले, वाट्टेल ते बोलले. साहेबांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाले, "तुमचं कौतुक आहे, बाई. अहवालात त्यांना 'बरे झालेले' म्हणून दाखवलंय."

शेवटचा डबा घेऊन वर गेले. सांगता सांगता मला रडू कोसळलं. सुटीच्या दिवशी घरून काहीतरी आणीन म्हटलं. रोजचं मला जमणार नव्हतं, घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. ते त्यांनाही ठाऊक होतं.

"रडू नका हो. तुम्ही चांगलंच करायला गेलात," ते म्हणाले. मग जरा विचार करून विचारलं, "सहा महिन्यांनी पन्नासच्या खाली दिसलो, तर देतील ना परत?"

"देतील."

"मग आत्तापासूनच सुरुवात केलेली बरी." त्यांनी दोन चमचे सूप घेतलं आणि भूक असताना डब्याला झाकण लावलं. झाकण दोनदा निसटलं. मी पुढे होऊन ते नीट बसवून दिलं.